घरात भरणारा बाजार

(मंडळाच्या उद्योग विभागाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



उद्योग विभागाच्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : 'ऑनलाइन भरणाऱ्या व्यापारी सभा व मेळावे, त्यांत भाग कसा घ्यावा आणि ते आपण कसे भरवावेत.' विषयाचे नाव लांबलचक असले तरी त्यामागचा प्रश्न लहान आहे. आपले सभागृह आता पूर्वीसारखे खुले आहे, बाहेरगावची प्रदर्शनेही नियमाने भरू लागली आहेत. तेव्हा खरेदीदारांबरोबरची आपली ऑनलाइन बैठक यापुढे चालू ठेवावी की बंद करावी, असा विचार कार्यकारिणीत चालला आहे. ती चालू ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आज ती ज्या रीतीने चालते त्या रीतीने नव्हे.

पडद्यावर एकमेकांची तोंडे पाहत बोलण्याची कल्पना काही आजची नाही. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतील बेल कंपनीने 'पिक्चरफोन' नावाचे यंत्र लोकांपुढे मांडले. त्याच वर्षी तेथील तीन शहरांत त्याची केंद्रे उघडली. तीन मिनिटांच्या बोलण्याला १६ ते २७ डॉलर पडत. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात ते कचेऱ्यांतून बसवावयास सुरुवात झाली. पण यंत्र काही चालले नाही. एवढा पैसा ओतून समोरच्याचे तोंड पाहावे, अशी निकड कोणाला वाटली नाही. आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेही तेच यंत्र हवे, ही अडचण होतीच.

ती निकड पुढे २०२० साली सर्वांनाच वाटली. २५ मार्चपासून आपला देश टाळेबंद झाला आणि बोलावयाचे तर पडद्यावरच, अशी वेळ आली. झूमच्या सभांत दररोज सामील होणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. (एक माणूस दिवसात पाच सभांना बसला तर तो पाच वेळा मोजला गेला आहे, हे ध्यानात ठेवावे.) चीनमधील कँटनचा व्यापारी मेळा १९५७ पासून भरतो, तो त्या वर्षी जूनमध्ये प्रथमच सबंध ऑनलाइन भरला. जर्मनीतील हॅनोव्हरचे यंत्रसामग्रीचे प्रदर्शन २०२० मध्ये रद्दच झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये पडद्यावर भरले. आपल्याकडे हस्तकलेच्या वस्तूंचा दिल्लीचा निर्यात मेळा आणि रिलायन्स कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा, दोन्ही जुलै २०२० मध्ये अशाच रीतीने पार पडली.

पुढे साथीचा जोर ओसरला आणि ही मोठी मंडळी आपापल्या मांडवांत परतली. हॅनोव्हरचे प्रदर्शन २०२२ मध्ये पुन्हा प्रत्यक्ष भरले, कँटनच्या मेळ्यात खरेदीदार २०२३ मध्ये पुन्हा समक्ष आले. त्यांचे बरोबरच होते. यंत्र विकत घेणारा माणूस ते चालवून पाहणारच. परंतु ते परतले म्हणून आपणही परतावे, हे मला पटत नाही. त्यांना ऑनलाइन मेळावा ही अडचणीतली सोय होती. प्रवासभाडे, हॉटेल, गाळ्याचे भाडे त्यांना पूर्वीही परवडत होते आणि आताही परवडते. आपल्याला ते पूर्वीही परवडत नव्हते. टाळेबंदीने त्यांचे एक दार बंद केले. आपल्यापुढे मात्र जे कधी उघडलेच नव्हते असे एक दार उघडले.

माझ्या माहेरचे, सोलापूरचे उदाहरण घेते. तेथे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांतल्या एखादीला मुंबईच्या प्रदर्शनात माल मांडावयाचा म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची, भाकरीचे खोके मोडू नयेत म्हणून रात्रभर त्यांच्यावर नजर ठेवायची, मुंबईत उतरायची सोय पाहायची, आणि मालाची हमाली वेगळीच. हा सारा खर्च जमाखर्चाच्या वहीत मांडता येतो. मांडता येत नाही तो पुढचा : चार दिवस घर कोणाच्या स्वाधीन करावे? आजारी सासऱ्यांचे औषध कोण देईल? मुलीची परीक्षा आली तर? या प्रश्नांपायी किती जणींचा माल गावाची वेस ओलांडू शकला नाही, त्याची मोजदाद कोणत्याही खात्यात सापडणार नाही.

घरी बसून काम करणे आपल्याला नवे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. त्यात पीठ केंद्रावरून घरी न्यावयाचे, पापड घरी लाटावयाचे आणि वाळवून परत केंद्रावर द्यावयाचे, अशी रीत पडली व ती हजारो घरांना मानवली. काम घरात आले. बाजार मात्र घराबाहेरच राहिला. भाव ठरविणे, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलणे, नमुना दाखवून मागणी मिळविणे यासाठी कोणीतरी उंबरठा ओलांडावाच लागे. ज्या बाईमागे संस्था नाही, तिचा बाजार म्हणजे आपली गल्ली. ऑनलाइन बैठकीने हा दुसरा अर्धा भाग, म्हणजे खुद्द बाजार, प्रथमच घरात आणून सोडला.

पण बाजार घरात आला म्हणून घर बाजूला सरकते, असे नाही.

एका भगिनीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. त्या येथेच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतली आहे. आपल्या एका बैठकीत पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांना विचारले, "महिन्याला पन्नास किलो चटणी द्याल का, आणि काय भावाने?" नेमका त्याच वेळी दारात गॅसचा सिलिंडर आला. घरात आणखी तीन माणसे होती. तिघांनीही यांनाच हाक मारली. त्या आवाज बंद करून उठल्या, पैसे दिले, रिकामा सिलिंडर बाहेर काढून दिला आणि चार मिनिटांत परत आल्या. तोवर दुकानदार पुढच्या बाईंशी बोलत होता. घरातल्या कोणाचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या लेखी या 'फोनवर बोलत' होत्या, एवढेच.

२०२० साली याच घरांतून पुरुषांच्या सभा चालत, तेव्हा सारे घर चवड्यांवर चालत होते, हे आपण विसरला नसाल. कुकरची शिट्टीसुद्धा साहेबांची वेळ पाहून होत असे! तो मान त्यांच्या पगाराला होता. आपल्या पन्नास किलो चटणीला तो मिळावयाचा असेल, तर तो आपणच मागून घेतला पाहिजे. बैठकीचा दिवस आणि तास दोन दिवस आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहावा. 'मी फोनवर आहे' असे न म्हणता 'मी कामावर आहे' असे म्हणावे. दार लोटून न घेता लावून घ्यावे. पहिल्या दोन वेळी घरात कुरकुर होईल. मागणीचे पैसे खात्यात जमा झाले की ती आपोआप कमी होते, असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष बैठकीत भाग घेण्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळ जणी अशा बैठकीला व्याख्यानासारख्या बसतात. कॅमेरा बंद, आवाज बंद, हातात निवडायची मेथी, आणि बैठक संपली की म्हणतात, "छान झाले." त्यांना मिळाले काय? बाजाराला गेलेली बाई नुसती उभी राहून परत येत नाही. खरेदीदारांची यादी आधी येते, ती वाचावी. तीसांपैकी आपल्या मालाचे तीनच असतात. त्या तिघांशी बोलावयाचे ठरवूनच बसावे.

पडद्यावर आपल्या चित्राखाली नाव उमटते, ते एकदा पाहून घ्यावे. फोन मुलाच्या नावावर असतो आणि बैठकीत बाईंच्या चेहऱ्याखाली मुलाचे नाव झळकते. काहींच्या नावाच्या जागी तर फोन करणाऱ्या कंपनीचेच नाव असते! खरेदीदाराने मागाहून शोधावे तरी कोणाला? तेथे आपले नाव, माल आणि गाव, एवढे लिहावे. तसेच सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आहे, ती विनामूल्य आहे. नोंदणीचा क्रमांक हाताशी असावा. खाण्याचा जिन्नस असेल तर अन्न परवान्याचा क्रमांकही. खरेदीदार प्रथम तेच विचारतो.

माल दाखविण्याची रीत येथे निराळी आहे. उजेड पाठीमागे नसावा, समोरच्या खिडकीतून तोंडावर आणि मालावर पडावा. पुष्कळांना पाठीमागे समुद्राचे नाहीतर बंगल्याचे खोटे चित्र लावण्याची हौस असते. ते चित्र लावले की हातातली बरणी मधूनमधून गडप होते, कारण कोणता भाग माणसाचा आणि कोणता मागचा, याचा यंत्राचा अंदाज चुकतो. साधी भिंत सर्वांत चांगली. पाकिटावरची अक्षरे आपल्याला आपल्या पडद्यावर उलटी दिसली तर घाबरू नये. आपण स्वतःला आरशातल्यासारख्या दिसत असतो, समोरच्यांना अक्षरे सुलटीच दिसतात. आणि कडक भाकरीवाल्या भगिनींसाठी एक खास गोष्ट. भाकरी ताजी व कडक आहे हे पटवावयाला ती मोडून आवाज ऐकवावा, ही युक्ती उत्तम. पण माणसाच्या बोलण्याखेरीज इतर आवाज गाळून टाकण्याची व्यवस्था या यंत्रांत असते. भाकरी मोडल्याचा आवाज म्हणजे त्याला नुसती कटकट वाटते, आणि समोरच्याला बाई मुकाट्याने भाकरीचे तुकडे करीत बसलेली तेवढी दिसते! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती त्या अर्ध्या मिनिटापुरती चालू करावी.

भाव विचारला की 'बघू', 'सांगते', 'तुम्हीच काय ते द्या' ही उत्तरे नकोत. किलोचा भाव, कमीत कमी किती घ्यावे लागेल, किती दिवसांत पोहोचेल आणि वाहतूक कोणाकडे, या चार गोष्टी कागदावर लिहून समोर चिकटवाव्यात. बैठक संपली की त्याच दिवशी हाच कागद खरेदीदाराला संदेश म्हणून पाठवावा. मागणी बैठकीत क्वचितच पक्की होते. ती या मागाहूनच्या पत्रव्यवहारात होते.

बैठकीनंतर फार थकल्यासारखे होते, असे कित्येक जणी सांगतात. हा केवळ मनाचा खेळ नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा अशा सभांनी अतिशय थकवा येतो असे सांगणाऱ्या स्त्रिया १३.८ टक्के आणि पुरुष ५.५ टक्के निघाले. त्याचे एक मोठे कारण असे आढळले की आपलाच चेहरा सारखा समोर दिसतो आणि स्त्रियांचे लक्ष त्यात अधिक अडकते. पदर नीट आहे ना, केस विस्कटले नाहीत ना, हे पाहता पाहता निम्मी शक्ती जाते. आपले चित्र फक्त आपल्यापुरते झाकून ठेवता येते. इतरांना आपण दिसत राहतो. बैठक सुरू होताना एकदा पाहून घ्यावे आणि मग ते झाकावे.

आता बैठक भरविण्याकडे वळते. आजवर आपल्या बैठकांत साठ-सत्तर जणी एकदम येतात, दोन भाषणे होतात, आभार मानले जातात आणि चार धीट बायका बोलून घेतात. बाकीच्या बोलत नाहीत याला लाजरेपणा एवढे एकच कारण नाही. समोरासमोर बोलताना एकीचे वाक्य संपून दुसरीचे सुरू होण्यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. ऑनलाइन बोलताना आवाज पलीकडे पोहोचावयासच कित्येकदा तेवढा वेळ लागतो. त्यामुळे दोघी एकदम सुरू होतात, दोघी एकदम थांबतात, "बोला, बोला" "नाही, तुम्ही बोला" असे चालते आणि ज्या बाईचा स्वभाव माघार घेण्याचा, ती त्या दिवसापुरती कायमची थांबते. म्हणून येथे 'कोणाला काही सांगावयाचे आहे का?' असे मोघम विचारणे निरुपयोगी. यजमानीण बाईंनी प्रत्येकीला नाव घेऊन बोलवावे.

हे कौशल्य आपल्याला कोणी शिकवावयास नको. हळदीकुंकवाला शंभर बायका आल्या तरी कोणाला वाण मिळाले, कोणाला अत्तर लागायचे राहिले आणि कोपऱ्यात नवी सून एकटी बसली आहे, हे यजमानणीच्या नजरेतून सुटत नाही. तीच नजर पडद्यावर हवी. मात्र पडद्यावर एकटीने सर्व पाहणे अशक्य आहे, म्हणून कामे वाटून घ्यावीत : एकीने बोलवावे, एकीने दारावर बसून आलेल्यांना आत घ्यावे, एकीने घड्याळ पाहावे आणि एकीने लिहून आलेले प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत. ही शेवटची बाई फार महत्त्वाची. कित्येक जणींना बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते आणि त्यांचे लिहिलेले कोणी वाचतच नाही.

माणसे थोडी बोलवावीत. झूमची फुकटची सभा ४० मिनिटांत आपोआप बंद होते. गूगल मीटची, तिघांहून जास्त वेळ न दवडता सांगायचे तर तीन किंवा अधिक माणसे असली की, ६० मिनिटांत. कोषाध्यक्षीणबाई याला अडचण म्हणतात, मी सोय म्हणते. चाळीस मिनिटांत आठ विक्रेत्या आणि चार खरेदीदार, प्रत्येकीला चार मिनिटे, उरलेला वेळ प्रश्नांना. भाषणे नकोत, दीपप्रज्वलनाची चित्रफीत नको, आभार लेखी पाठवावेत. मालाच्या नमुन्याची लहान पाकिटे आठ दिवस आधी टपालाने खरेदीदारांकडे पोहोचलेली असावीत, म्हणजे चटणी चाखून झालेला माणूस आपल्याशी बोलेल. आपल्या बैठकीत आजवर ही एक गोष्ट झालेली नाही आणि बैठक फुकट जाण्याचे अर्धे कारण तेच आहे, असे मी समजते.

परदेशातले आपले लोक खरेदीदार म्हणून येऊ लागले आहेत, तेव्हा घड्याळाविषयी दोन शब्द. दुबई आपल्यामागे दीड तास, ती बाराही महिने. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे सरकतात. न्यूयॉर्कची सरकतात ती मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यांत बैठक असेल तर निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहावी.

फसवणूक करणारेही या बाजारात फिरतात. मोठी मागणी देतो म्हणून कोणी 'आगाऊ रक्कम पाठवतो, तुमचा पिन टाका' असे म्हणाला, तर बोलणे तेथेच थांबवावे. यूपीआयवर पैसे घ्यावयाला पिन लागत नाही, तो फक्त द्यावयाला लागतो. आपला पडदा दुसऱ्याला दाखविताना बँकेचे संदेश आले तर ते त्यालाही दिसतात, हेही लक्षात असावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. बैठकीचे चित्रण करावयाचे असेल तर आरंभीच सर्वांना विचारावे. कोणाचे घर, कोणाची मुले त्यात दिसत असतात.

या बाजाराच्या मर्यादा मी नाकारीत नाही. इरकलीचा पोत बोटांनाच कळतो. नव्या माणसाला उधारीवर माल द्यावा की नाही, हे एकदा समोर बसून चहा घेतल्यावाचून ठरत नाही. वर्षातून एक तरी प्रत्यक्ष प्रदर्शन हवेच. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की ज्या भगिनीला या बैठकीची गरज सर्वांत जास्त, तिच्याचकडे स्वतःचा फोन नसतो, आणि दार लावून घेण्याजोगी खोलीही नसते. एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे मी मघाशी सांगितलेले कॅलेंडर आणि दार कोठून आणावे?

सभागृह खुले झाले म्हणून ऑनलाइन बैठक बंद करावी, असे जे म्हटले जाते, त्याचे माझे उत्तर येथे आहे. सभागृह खुले झाले, म्हणूनच ती आता नीट चालविता येईल. रंगमंचामागची लहान खोली आठवड्यातून दोन दिवस, दुपारी दोन ते चार, या कामासाठी राखून ठेवावी. एक टेबल, एक बऱ्यापैकी फोन आणि तो उभा ठेवण्याची घोडी, समोरून पडणारा दिवा आणि इंटरनेटची जोडणी, एवढेच लागेल. चित्रासह बोलण्याला तासाला एक जीबी किंवा त्याहूनही अधिक डेटा जातो, तो गरीब भगिनीने स्वतःच्या खर्चातून भरू नये. जिला घरी सोय नाही तिने आपला माल पिशवीत घालून येथे यावे, आपली वीस मिनिटे घ्यावीत आणि जावे. बाहेर एक सभासद पाळीने बसेल, म्हणजे मुलाला सोबत आणले तरी अडणार नाही.

या खर्चाचा अंदाज मी चिटणीसबाईंकडे लेखी दिला आहे. खोलीत सध्या हळदीकुंकवाची भांडी आणि मोडक्या खुर्च्या आहेत, त्या हलवाव्या लागतील. दाराला आतून कडी आहे. ती लागते, हे मी काल पाहून आले. आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत.